विहिरीतली वाम आणि प्रमुख पाहुणे

१० जून २०२५
वाम संवर्धन प्रकल्प आजपासून सुरू. दासगावच्या भागोजीनं पकडलेली दोन हात लांब, सापासारखी दिसणारी जिवंत वाम मासळी घेतली. तो तिचे तुकडेच करणार होता. परसातल्या विहिरीत सोडली. आता पिल्लं होतील, ती सावित्री नदीत सोडायची. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय.

११ जून
भागोजी म्हणाला, सर, हिरीत पिल्लं व्हायची नाय. ही खाडीतून दर्यात जाते, तिथंच अंडी घालून मरते. वर येतात ती नुसती पिल्लं. माणूस अनुभवी, पण शिक्षण कमी.

२ जुलै
कोंबडीची आतडी घालतोय. बायको, विनोदिनी, म्हणते, हे पाणी मी भांड्यांनासुद्धा वापरणार नाही. पर्यावरणाची आवड मुळातच असावी लागते.

२४ जुलै
विहीर काठोकाठ. वाम स्पष्ट दिसते. खाणं बंद, पोट चंदेरी, डोळे मोठे. माझ्याकडेच बघत असते. लळा!

२५ जुलै
पुस्तक काढलं. भागोजी बरोबर होता. (त्याला सांगायची गरज नाही.) मोठे डोळे म्हणजे समुद्राची तयारी. पुराबरोबरच खाली जातात. सावित्रीला पाणी भरपूर आहे. उद्या सकाळी सोडणार. नक्की.

२६ जुलै
एवढं काम गुपचूप कसं करायचं? वाम सोडण्याच्या कार्यक्रमाचा बॅनर छापायला टाकला. प्रमुख पाहुणे आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक. तीन ऑगस्ट, रविवार.

३ ऑगस्ट
साहेब अचानक मुंबईला. पुढचा रविवार.

१० ऑगस्ट
साहेबांच्या नातीचं बारसं. आता सतरा. बॅनरवरच्या तारखेवर कागद चिकटवला. विनोदिनी म्हणाली, अहो, बादलीत घाला, मी येते बरोबर, दहा मिनिटांचं काम. तिला प्रोटोकॉल कळत नाही.

११ ऑगस्ट, सकाळी ८
विनोदिनीनं हाक मारली. रात्रीच्या पावसात वाम कठड्याच्या पडक्या बाजूनं बाहेर आली होती. परस ओलांडून नदीकडच्या फाटकापर्यंत पोचली होती. फाटकाखाली फळी. मांजर येऊन तिला त्रास नको म्हणून मीच ठोकलेली. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं. अंगाला मुंग्या. हात लावला तर कोरडी.
फार वाईट वाटलं.

दुपारी
भागोजीला फोन. म्हटलं, रविवारसाठी दुसरी वाम मिळेल का? म्हणाला, आता कुठली, सर? पाणी मोठं व्हतं तवाच सगळ्या खाली गेल्या.

संध्याकाळी
साहेबांचा निरोप. रविवारी नक्की येतो म्हणाले. मी बरं म्हणालो.