कॅरमवरचे बाबा

मेहकर, रविवार, संध्याकाळ

घरकुल वसाहतीतल्या पोरांना सुट्टीत खेळायला म्हणून महिन्यापूर्वी कॅरमबोर्ड दिला. आज पाहायला गेलो, तर बोर्ड समाजमंदिराच्या भिंतीवर टांगलेला, त्याला झेंडूचा हार. ताजा हार. पोरं खाली फरशीवर खडूनं चौकोन आखून बाटल्यांची झाकणं टिचकावत होती.

चावी सांभाळणाऱ्या कमलबाईंना विचारलं, "काऊन टांगला बाई?"

"आता भाऊ, मधातच तुमच्या बाबांचं नाव हाय. कैलासवासी लिवलेल्या माणसावर स्ट्रायकर कसा मारू द्याव?"

चूक माझीच. भांड्यावर नाव घालतात तसं पेंटरकडून 'स्मरणार्थ' लिहून घेतलं, तेही ऐन मध्यावर. दिसावं म्हणून. कोणाला दिसावं?

मागं एक पोरगी पुटपुटली, "बोर्डावरले आजोबा त देतीन खेळू, हे बाईच देत नाही." माझे कान तिखट, ऐकू आलं.

दुकानातून थिनर मागवलं. हार काढला, नाव घासलं. हात जरा अडखळला, खोटं कशाला लिहू. पण बाबा असते तर पहिला डाव त्यांनीच मांडला असता, आणि राणी हळूच खिशात घातली असती.