सुटलेली जागा

१२ डिसेंबर

चि. लंबू,

वर्षभराने मोठी असल्याचा फायदा घेऊन तुला आशीर्वाद देते. इकडे सगळं ठीक आहे. आई आता भिंत धरून दारापर्यंत येते. उजवा हात अजून साथ देत नाही, म्हणून तिची वेणी मीच घालते. घट्ट झाली की ओरडते, म्हणजे तब्येत सुधारतेय. बाबा ट्रकच्या फेरीवरून परवाच आले.

तुझं पत्र आधी मी एकटीनेच वाचलं. सरांनी तुला वर्गात उभं केलं, उत्तर येत होतं, पण इंग्रजीत सांगता येईना आणि मुलं हसली. तेव्हापासून तू तासाला बसत नाहीस, हे मी दोनदा वाचलं. त्या मुलांना इंग्रजी घरातच मिळालं रे, आपल्याला कोण देणार होतं?

माझ्या इथल्या कॉलेजात मात्र हसायलाही कोणी नसतं. रसायनशास्त्राला वर्षभर शिक्षक नाहीत, प्रयोगशाळेला कुलूप आहे. परीक्षा तेवढी वेळेवर होते.

तू लिहिलंस, "ताई, मी परत येतो, तुझा भार तरी हलका होईल." ते वाक्य मला लागलं. तुझ्या आदल्या वर्षी तीच प्रवेशपरीक्षा देऊन तुझ्याच कॉलेजात मलाही जागा मिळाली होती, हे घरात कोणी बोलत नाही. मीही बोलले नाही. आई अंथरुणाला खिळली आणि मी घरी राहायचं, हे न बोलताच ठरून गेलं.

काल जेवताना बाबांना म्हटलं, "तो आला तर मी प्रवेशपरीक्षा पुन्हा देते."

"आणि आईचं कोण करणार?"

"तो असेल ना घरी."

बाबा हसले. मी हसत नाही हे पाहून म्हणाले, "त्याला जमेल का?"

"मला तरी कुठे जमत होतं?"

ते ताट अर्धवट सोडून उठले. आईने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. जा म्हणत होती की राहा, कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

तिथे राहिलास तर उद्यापासून तासाला बस, हसू देत त्यांना. आलास तर आईचं सगळं तुझ्या हाती देऊन मी परीक्षेला बसेन. जागा पुन्हा मिळेलच असं नाही. पण माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. जे करशील ते ठरवून कर. माझ्या वेळी कोणी काही ठरवलंच नव्हतं.

तुझ्यावर रागावलेली, आणि तरी तुझ्याच बाजूची,
ताई