गच्चीवरचे प्रेक्षक

९ मार्च

झालं! ताईची निवड झाली!! कलामहोत्सवाच्या उद्घाटनाला शंभर जणांचा वृंद गाणार आहे, त्यात आमची ताई! आणि नुसती मागे उभं राहून तोंड हलवायला नाही हं— मध्येच सगळे गप्प होतात आणि ताई एकटी दोन ओळी गाते! दिवसभर शाळेची बस चालवायची, पोरांवर ओरडायचं, आणि आता तोच आवाज मैदानभर. आई म्हणाली, "ओरडून ओरडूनच घसा तयार झाला तिचा." म्हणत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

१२ मार्च

तिकिटाचे दर लागले. सगळ्यात मागची खुर्ची, खांबाआडची— माझा महिन्याचा पगार! मला वाटलं, एक शून्य चुकून जास्त पडलंय. दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते, तिथूनच फोन लावला. पलीकडची बाई एकदम मधाळ. "बरोबर आहे मॅडम. त्यात एक थंड पेयसुद्धा आहे." मला जे हसू सुटलं! आतल्या खुर्चीत तोंड वासून बसलेला पेशंट तसाच वासून माझ्याकडे बघायला लागला.

घरच्यांसाठी पास मिळतील का, असं ताईने संयोजकांना विचारलं. म्हणे, "हौशी कलाकारांना पास नसतात." शंभर जणांकडून फुकट गाऊन घ्यायचं आणि वर हौशी!

आई मात्र शांत. "राहू दे गं. तिथे आपल्यासारखे कोण येतंय? घरी म्हणून दाखवेल ती."

हे लागलं मला. पैशाचं एवढं नाही, पण ते "आपल्यासारखे"...

१५ मार्च

मी म्हणजे ठार वेडी आहे! रोज दवाखान्याच्या गच्चीवर टॉवेल वाळत घालते आणि डोक्यात प्रकाश आज पडला. समोरच मैदान! मंच उभा राहतोय. रस्त्यावरून कुणाला फुकटात काही दिसू नये म्हणून कुंपणाला उंच काळं कापड लावलंय. पण गच्ची त्याच्याही वर! मंच थोडा बाजूने दिसतो, पण दिसतो!

आता डॉक्टरांना विचारायचं कसं? हा माणूस कामाशिवाय दिवसाला चार शब्द बोलत नाही.

१६ मार्च

विचारलं. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "कठड्याला टेकू नका."

म्हणजे हो!!

२० मार्च

आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, आणि वर "कुणाला बोलू नका" असंही सांगितलं. मग काय, संपलंच! इस्त्रीवाला विचारून गेला. ताईच्या बसमधल्या पोरांचे आईबाप विचारून गेले. आज एक पेशंट दाढ काढून घेतल्यावर तोंडात कापूस धरून म्हणाला, "गच्चीव्व जागा आहे का?"

डॉक्टरांनी विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "घरचेच."

२२ मार्च

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे!

अख्खी गल्ली गच्चीवर! चटया, उशा, घरून आणलेले स्टूल, एकाची तर चक्क ऑफिसातली चाकाची खुर्ची. खाली मैदानात पुढच्या दोन रांगा रिकाम्या— पाहुण्यांसाठी राखीव, आणि पाहुणे आलेच नाहीत! आमच्याकडे मात्र पाय ठेवायला जागा नाही. डॉक्टर स्वतः कठड्यापाशी दोन्ही हात पसरून उभे. "मागे सरका, मागे सरका." एका संध्याकाळी वर्षाचे शब्द खर्च केले त्यांनी.

ऊन उतरलं. वृंद सुरू झाला. मग सगळे थांबले. ताई दोन पावलं पुढे आली. पहिली ओळ समोर बघून म्हटली. आणि दुसऱ्या ओळीला— वळली! महागड्या खुर्च्यांकडे सरळ पाठ केली, मान वर केली आणि आमच्याकडे बघून गायली!

आई उभी राहिली. मोठ्याने म्हणाली, "माझी आहे ती!" कुणाला सांगत होती कोण जाणे, सगळ्यांना माहीतच होतं.

मग जो काय टाळ्यांचा कडकडाट झाला! शिट्ट्या काय, किंचाळणं काय! खालचे लोक वळून वर बघायला लागले. संयोजकही बघत होते. मला वाटलं, आता हाकलतात. पण ते हसले. हात वर करून फोटो काढला आमचा.

घरी येताना आई रस्त्याच्या मधोमध चालत होती. हॉर्न वाजले तरी बाजूला होईना!

२३ मार्च

घसा बसलाय. पेशंटना खुणेने आत पाठवते आहे. ताईचाही बसलाय— बसमधली पोरं खूश!

२९ मार्च

संयोजक दवाखान्यात आले होते. पुढच्या वर्षीपासून गच्चीवर खुर्च्या लागणार. "खास गच्ची-अनुभव". तिकीट मैदानापेक्षा दुप्पट. डॉक्टर "बरं" म्हणाले. विक्री माझ्या टेबलावरून, त्यासाठी डॉक्टरांनी माझा पगारही वाढवलाय.

मीही "बरं" म्हणाले. आईला अजून सांगितलेलं नाही.