विहिरीचं झाकण आणि मशीनचे जादा भाग

५ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. शेडमध्ये लोखंडाला भोकं पाडायचं पिलर ड्रिल उभं राहिलं! सेकंडहँड, पण माझ्याहून उंच. सव्वीस वर्षं हँड-ड्रिलवर गेटं, खिडक्या केल्या. आता सापगावात आपल्याला तोड नाय.
पहिलं काम विहिरीचं लोखंडी झाकण. परवा जिवलीमावशीची शेळी आत पडली, दोर लावून काढली. पोरंही तिथंच खेळतात, म्हणून बाया पाळीपाळीने राखणीला बसतात. मावशी म्हणाली, "चांगो, लवकर कर रे, आमाला कामं हायत." आठ दिवस सांगितले. खरं तर चार पुरेत.

६ जानेवारी
मशीन तपासलं. निम्मे भाग शोभेचे. बाजूला एक आट्यांचा दांडा, त्यावर दोन नट. हाताला लागत होता, काढून ठेवला.
दामिनी फोनवर ओरडली. (माझी मुलगी. आयटीआय करून मुरबाडच्या कंपनीत मशीनवर असते.) म्हणे, "बाबा, तो डेप्थ स्टॉप हाय! भोक किती खोल जायचं ते तो ठरवतो."
आमच्याकडे ते हात ठरवतो.

८ जानेवारी, दुपार
झाकणाच्या खिळी ज्यात फिरणार ते चार ठोकळे केले. भोक अर्ध्यापर्यंतच हवं, नाहीतर खीळ खाली सरकते. चारही भोकं आरपार गेली. लोखंड मऊ निघालं.
मशीनच्या टेबलालाही एक भोक पडलं. पण टेबलात मधोमध कंपनीचंच एक मोठं भोक आहे. म्हणजे त्यांचंही असंच झालं असणार.

९ जानेवारी
नवे ठोकळे. धूर निघाला. मशीनमध्ये दम आहे. दामिनीचं म्हणणं, मोठ्या ड्रिलला स्पीड कमी लागतो, बेल्ट पुलीच्या दुसऱ्या खाचेत घ्या. बेल्ट जिथे आहे तिथे नीट बसलाय. उगाच कशाला हलवायचा? ड्रिलचं टोक तापून निळं पडलं, ते सोडा.

१२ जानेवारी
टेबलाखालचा मोठा बोल्ट ढिला करून ग्रीस भरलं. ही अक्कल कंपनीतल्या पोरांना नाय. नंतर ठोकळे पुरे केले.

१४ जानेवारी
झाकण बसवायला गेलो. दोन फळ्यांपैकी एक अडकली, दुसरी लोंबली. भोकं तिरकी आहेत, लोक म्हणाले. विहीर तिरकी असू शकते, हे कुणी बघत नाय.
मावशी म्हणाली, "हे उघडाया चार माणसं लागतील रे." सगळं परत आणलं.

१६ जानेवारी
बायांना वाल काढायला जायचं होतं, म्हणून आजही राखणीला हौसाच बसली. सलग दुसरा दिवस. सकाळपासून घरात माझ्याशी एक शब्द नाय. बायकोला धंद्यातलं कळत नाय.
ड्रिल पकडून ठेवणारा चक अडकला. वर मशीनच्या फिरत्या दांड्यात एक लांबट खाच आहे, ती हवा खेळायला असावी. हातोडीचे तीन दणके दिले. चक जागचा हलला नाय. मशीन मात्र टकटक करतंय.

१८ जानेवारी, रविवार
सुट्टी म्हणून दामिनी आली. चपटी पाचर त्या हवेच्या खाचेत घातली, हलकेच ठोकली, चक तिच्या हातात. मग माझी हातोडी उचलून कोपऱ्यात ठेवली. ते जास्त लागलं.
नंतर काटकोनाचा गुण्या लावून टेबल सरळ केलं. माझ्या ग्रीसच्या बोल्टाने ते कललं होतं, म्हणे. बेल्ट बदलला. दांडा परत बसवला, नट एका आकड्यावर आवळले. चार ठोकळे, चारही सारखे. दुपारच्या आत.
मी तेल सोडत होतो. बघायला जमलेल्यांना स्पष्ट सांगितलं, हिच्या हातात पहिला पाना मी दिला.

२१ जानेवारी
झाकण बसलं. मावशीने एका हाताने उघडलं, बंद केलं, परत उघडलं. बाया घरी गेल्या. हौसाने चहा दिला, वर विचारलं, साखर पुरे ना.
बसवलं मीच. हे लिहून ठेवतो.

२६ जानेवारी
भातसानगरहून गीताबाई आल्या. शिवणयंत्राच्या स्टँडला भोकं पाडून हवीत. त्यांनी शेडमध्ये डोकावून विचारलं, "मशीनवाली नाय का?"
मी म्हटलं, मशीन माझं आहे.
"ते हो," त्या म्हणाल्या, "पण भोकं कोण पाडतं?"
मी हात पुसले.
"रविवारी या," म्हटलं.