गोळ्या घ्यायच्या की नाही

छकुले,

डॉक्टरांनी सुचवलेल्या गोळ्या घ्याव्यात का, असं तू मला लिहून विचारलंस आणि मी उत्तरच दिलं नाही. पुस्तकं चाळत बसलो, गोंधळ वाढला. पण काल पाळीच्या दुखण्यानं तू वर्गात चक्कर येऊन पडलीस, तेव्हा डोकंच फिरलं. तुझी आई म्हणते, "आम्हीही सोसलंच की." बाबा म्हणतो, "हार्मोनच्या गोळ्या? या वयात? नकोच." डॉक्टरांशी नीट बोलायला मात्र कोणाला वेळ नाही! मी आत्ता दवाखान्यात नंबर लावायला निघालोय. बाबाला तसं सांगून टाकलंय. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर भागेल की आधी सोनोग्राफी लागेल, सगळं तू डॉक्टरांना विचार, मग ठरव. मी शेजारी बसेन. शेकायची पिशवी भरून दाराबाहेर ठेवलीय. समोर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून हे दाराखालून सरकवतोय.

आजोबा