आई चोर होते तेव्हा

१ फेब्रुवारी, रविवार
आमच्या रविवारच्या खेळातला प्लंबर पाय मुरगळून घरी बसला. आता चौथा गडी कुठून आणायचा? खेळ आमच्याच जेवणाच्या टेबलावर — मी, ताई आणि सूत्रधार म्हणजे शेजारचे भूगोलाचे सर. सर गोष्ट सांगतात, आपलं पात्र काय करतं ते आपण बोलायचं, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो — आकडा मोठा तितकं बरं. एवढंच.
आई कोपऱ्यात पेपर घेऊन. बाबा गेल्यावर मी तिला इथे, माझ्या एकटीच्या घरी आणलं, तेव्हापासून हेच — पेपर, खिडकी, पेपर. म्हटलं, "बस ना गं आमच्यात." जरा मन रमेल.
"कोण व्हायचं असतं?"
"कुणीही. राणी, वैद्य, योद्धा..."
"चोर आहे का?"
छत्तीस वर्षं मुख्याध्यापिका होती ही बाई!

८ फेब्रुवारी
आईने पहारेकऱ्याला थाप मारली — "अरे, मी तुझ्या बायकोची मावशी! ओळखलं नाहीस?" फासा टाकला. वीस! पहारेकऱ्याने दार तर उघडलंच, वर तिची पिशवीही उचलली. माझी हसून हसून पुरेवाट.

११ फेब्रुवारी
औषधांच्या दुकानात दिवसभर एकच धास्ती — चिठ्ठीवर एक आणि हातात भलतंच जायला नको. म्हणून रविवारी मला लाथेने दारं उघडायची असतात. चुकलं तर फार तर राक्षस खाईल! ताईला तीन तास कुणी "मम्मी, माझे मोजे?" विचारत नाही. सरांना शेवटपर्यंत ऐकणारी माणसं हवीत. वर्गात मिळत नाहीत.
आणि आईला? मोकळीक, दुसरं काय! माझी युक्ती लागू पडली. स्वतःवर जाम खूश.

१५ फेब्रुवारी
प्लंबर लंगडत आला. आई लगेच उठली — "जागा याची आहे."
"काकू, तुम्ही गेलात तर मी दुसराही पाय मुरगळून घेईन."
पाचवी खुर्ची आणली.

२२ फेब्रुवारी
मी दरोडेखोरांच्या तावडीत! आईने सगळा खजिना देऊन मला सोडवलं. ताई ओरडली, "चोराला शोभतं का हे?" आई म्हणाली, "सोनं काय, परत चोरता येईल."

२३ फेब्रुवारी
ताईने फोनवर सांगून टाकलं. आईला या खेळात काडीचाही रस नाही. राक्षस, जादू — सगळा पोरखेळ वाटतो. मग येतेस कशाला, असं ताईने विचारलं होतं.
आई म्हणाली, "घटस्फोटानंतर धाकटी फक्त तिथेच हसते गं. तेवढं ऐकायला बसते."