वरची खोली आणि जांभळा शिक्का

मी, खाली सही करणारी, वय वर्षे छप्पन्न, अविवाहित, नगररचना कार्यालयातली माजी आवक कारकून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता (दबाव आणायला घरात दुसरं कोणी नाही) हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. परदेशातलं हे घर माझ्या स्वकष्टार्जित पैशातून घेतलेलं आहे. खालचा मजला कायदेशीर आहे, वरची खोली नाही. विकणाऱ्याने दाखवलेल्या नकाशावर जांभळा गोल शिक्का होता. भाषा कळेना, पण शिक्का ओळखीचा वाटला. वाटणारच. तो मंजुरीचा नव्हे, कागद मिळाल्याचा शिक्का होता. तसलाच मी एकतीस वर्षं लोकांच्या नकाशांवर मारला आणि ‘झालं काम’ म्हणत खुशीत घरी जाणाऱ्यांना मनातल्या मनात हसत आले.

२. धाकट्या बहिणीने तेव्हा फोनवर सांगितलं होतं, “ताई, पैसे देण्याआधी तिथल्या कार्यालयात जाऊन विचार तरी.”

“शिक्के तू मला शिकवतेस?”

“नाही गं बाई, तुला कोण शिकवणार!” तिने फोन ठेवला. त्याला सहा वर्षं झाली. वरची खोली तिच्यासाठीच घेतली होती, हे सांगायचं राहून गेलं. तिथल्या गादीचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

३. खालचा मजला आणि बँकेतली शिल्लक तिला. अट एकच : ताबा घेण्याआधी तिने कार्यालयात जाऊन फाइल स्वतः बघावी. माझ्या शब्दावर जाऊ नये.

४. शिवणयंत्र शेजारणीला. ते तसंही तिच्याचकडे असतं. विकणाऱ्याला माझा चष्मा. नकाशा बघताना तो मी पर्समध्येच ठेवला होता, असं तो गावभर सांगतो. खरं आहे.

५. वरची खोली कोणालाच देता येत नाही. ती पाडणार आहेत. मृत्युपत्र मेल्यावर उघडायचं असतं, ठाऊक आहे. तरी एक प्रत आजच बहिणीला पाठवते आहे. पाडायच्या आधी ये. एक रात्र वर झोप. कार्यालयाची परवानगी नाही, माझी आहे.

साक्षीदार (शेजारीण चालत नाही, यंत्र तिला जातंय) :
१. टपालवाली. पाडकामाची नोटीस हिनेच आणली.
२. खोलीचं मोजमाप घ्यायला आलेला निरीक्षक. सहीआधी याने शब्द न् शब्द समजावून घेतला. मग म्हणाला, “बाई, पाचवं कलम फोनवरच सांगा ना.”

ठिकाण : खालचा मजला
दिनांक : पाडकामाला अकरा दिवस बाकी

(सही)
ताई